कण क्रमांक दोनशे सतरा

ग्लिवित्सेत डिसेंबर. साडेतीनलाच अंधार.
तळघरातल्या प्रयोगशाळेत गिझेला
काडीच्या टोकाला चिकटवलेल्या
स्वतःच्याच पापणीच्या केसाने
कोळशाचा एक कण उचलते.
एकच. मिठाच्या दाण्याहून बारीक.
शिंक आली तर सकाळ वाया.

बरणीवरची चिठ्ठी: खाणीचं नाव, थर,
खोली सातशे दहा मीटर.
खाण चार वर्षांपूर्वी बंद झाली,
आता तिथे खालून पाणी चढतंय.
बरणी संपली की तो थर संपला.

विजेच्या न दिसणाऱ्या तळहातावर
कण तरंगत ठेवायचा,
दोन्हीकडून लेझर, समोर कॅमेरा.
कोळसा उगाळावा तितका काळाच,
असं म्हणणाऱ्यांनी तो नुसता उगाळलाच असणार.

गिझेला कळ दाबते.
पापणी लवायला लागतो
त्याच्या दहाव्या हिश्श्यात सगळं उरकतं.
पाहायचं ते मागाहून, पडद्यावर, सावकाश:
आधी काहीच नाही.
मग कडा ओलसर होतात,
दगड म्हणावा असा तो कण
डांबरासारखा मऊ पडतो, पुरीसारखा फुगतो,
आणि कुशीतून एक धार सुटते.
पिवळट वाफ, मिथेन, हायड्रोजन,
कुठल्याशा दलदलीतल्या नेच्यांनी
एकतीस कोटी वर्षं गिळून ठेवलेलं.
धार इकडे, तर कण तिकडे. गरगरतो.
मागे उरतं ते जाळीदार, पोकळ.

हुबर्ट म्हणतो,
हाच कोळसा भट्टीत तासन्‌तास तापवला
तर एवढं बाहेर येत नाही.
हळू तापलेला बरंचसं आतच ठेवतो,
आतल्या आत सांधत जातो, कडक होतो.
हुबर्टकडे याचा आलेख आहे.

गिझेलाकडे ट्राउडा आहे, आई.
चाळणघरात तेवीस वर्षं पट्ट्यापाशी उभी,
वाहत्या कोळशातून दगड वेचत.
तोंड मिटलेलं ठेवलं की धूळ कमी जाते, म्हणायची.
घरीही मिटलेलंच.
सूप वाढताना, पेन्शनच्या रांगेत,
बाबांना पुरताना.

मग खाणीचा मनोरा पाडला त्या दिवशी
कुंपणाशी, हातात बटाट्यांची पिशवी,
स्फोटाचा आवाज पोचायच्या आत
ती बोलायला लागली.
रिखर्ट मुकादमाचं नाव घेऊन थुंकली.
पट्ट्यात वेणी सापडलेली लुत्सिया,
तिचा सोललेला कान,
आणि तुझ्याआधी एक होतं, मुलगा,
सातव्या महिन्यातलं,
पाळी संपेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही.
शिव्या, नावं, एका नाचाची हकिगत,
घरच्या बोलीत, शाळेत मनाई होती त्या बोलीत,
मधे श्वास नाही.
अकरा मिनिटं असतील.
धूळ खाली बसली.
पिशवी या हातातून त्या हातात.
चल, बटाटे गारठतील.

गिझेलाकडे तेव्हा कॅमेरा नव्हता.
अर्ध्याहून जास्त तिला आता आठवत नाही.
मुलाचं नाव ठेवलं होतं का,
हे विचारायचं राहिलं,
नंतर विचारलं तर आई म्हणाली, कुठलं मूल?

दोनशे सतराव्याची धार जरा जोरातच सुटली.
पडद्यावर एक तिरकी रेघ, मग नुसतीच पोकळी.
टॉर्च घेऊन ती टेबलाखाली शोधते,
गुडघे दुखतात,
सापडत नाही.
वहीत लिहिते: निसटला. मोजणीत धरू नये.
मग ‘धरू नये’ खोडते.
पुन्हा लिहिते.

बाहीवर एक काळा ठिपका आहे.
तोच असेल असं नाही,
या शहरात काळे ठिपके कुठूनही येतात.
ती तो झटकत नाही एवढंच.
पापणीचा केस पुसून
बरणीचं झाकण उघडते.